आबांनी पारखलेली गाडी

आबा,

आपल्या गाडीला गिऱ्हाईक आलं. देवरूखकडच्या एका गावातला शिक्षक आहे, तिशीच्या आतबाहेरचा. दोनदा येऊन बघून गेला. माझ्या मुलाने नवी गाडी आणली आणि घराशेजारच्या शेडमध्ये जागा एकाच गाडीची, म्हणून ही काढायची ठरलं. शिक्षकाला गाडी आवडली होती. दुसऱ्या खेपेला जाता जाता, चप्पल पायात सरकवत त्याने विचारलं, "काका, गाडीत काही घडलेलं नाही ना?" जुनी गाडी घेताना आपल्याकडे हे विचारतातच. मी म्हटलं, रविवारी या, सांगतो. मग आठवडाभर मी तुमच्याशी मनात बोलत राहिलो. उत्तर तुमच्याबद्दलच होतं.

तुम्ही आयुष्यभर एसटी चालवलीत, पण घरची गाडी घेतलीत ती रिटायर झाल्यावर, अठ्ठ्याण्णव साली. मी तेव्हा शाळेत कारकून होतो, तुमच्यासोबत फक्त पिशवी धरायला आलो होतो. किनाऱ्याकडचं ते घर मला अजून दिसतं. त्या घरचा मुलगा आखातात, वर्षातून महिनाभर यायचा, बाकी अकरा महिने गाडी ताडपत्रीखाली. मला वाटलं, इतकी कमी चाललेली गाडी कुठे मिळणार? तुम्ही मात्र बॉनेट उघडलंच नाहीत. पायाखालचं मॅट उचललंत, खालच्या पत्र्यावरून बोटं फिरवलीत आणि बोटांचा वास घेतलात. किनाऱ्याची गाडी खालून कुजते, वरचा रंग बघून भुलायचं नाही, असं तुम्ही मला हळूच सांगितलंत. शिवाय उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते, रबरं सुकतात, टायरना भेगा पडतात. म्हणजे ही नको, असं मी समजलो.

मग तुम्ही ओटीवर बसलात. त्या मुलाची म्हातारी आई सरबत घेऊन आली. भाव शेवटी विचारायचा, आधी गाडी का काढताय ते विचारायचं आणि गप्प बसायचं, ही तुमची रीत. ती म्हणाली, "डायवरदादा, पोरगा यंदा बायकापोरं पण तिकडंच नेतोय. गाडीत बसणार कोण? गाडी हितं सावलीत बसून हाय नि पोरगा तिकडं उन्हात. दोघांची अदलाबदल झाली असती तर बरं." असं बोलून ती हसली, आणि मग हसू ओसरलं तरी तुमच्याकडे बघत राहिली. मागचा डावा दरवाजा पावसात गळतो, हेही तिने आपणहून सांगितलं. येताना एसटीत तुम्ही म्हणालात, गाडी मध्यम आहे, बाई खरी आहे. बिनदोषाची जुनी गाडी नसतेच. आपल्याला दोष माहीत असलेली गाडी घ्यावी.

तीच गाडी घेतलीत, पण ती तुम्हाला पुरतं वर्षभरही लाभली नाही. त्या दिवसांत तुम्ही माझ्या डावीकडे बसायचात आणि मी ब्रेकला उशीर केला की तुमचाच पाय खाली दाबला जायचा. देवळापुढून जाताना मी स्टिअरिंगवरचा हात काढून नमस्कार करायचो, त्यावर एकदा बोललात, "देवाला कळतं तुझ्या मनात काय आहे ते. हात गाडीवर ठेव." समुद्राकडे जाऊन आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची, दोन-चार दिवसांनी उगीच का होईना स्टँडपर्यंत फिरवून आणायची, चढावर डोळा इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर ठेवायचा. हे सगळं मी पुढे करत राहिलो. ठरवून असं नाही. हात करत राहिले.

वैशाखात तुमच्या छातीत कळ आली. सकाळची वेळ. आईने तुमचं डोकं मांडीवर घेतलंय, तुम्ही मागच्या सीटवर आडवे, मी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्याकडे निघालोय. बावनदीचा पूल गेला, निवळीचा चढ लागला. पुढे आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो, ओलांडायला जागा नाही. गाडी कण्हायला लागली तसे तुम्ही मागून म्हणालात, "दुसऱ्यावर घे." मी घेतली. काटा मध्यावर होता, तिथेच राहिला. मी आरशात बघितलं नाही, काट्याकडे बघत होतो. चढ संपला तेव्हा आई काही बोलत नव्हती, आणि मला ते कळलं होतं. तरी हातखंब्याला मी नीट इंडिकेटर देऊन वळलो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले.

मी रडलो नाही, आबा. दिवस केले, केस काढले, पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभा राहिलो, सगळं रीतसर. तेरावं झालं त्या संध्याकाळी गाडी धुतली. लोक म्हणाले, विकून टाक, तिच्यात माणूस गेलाय. आई म्हणाली, राहू दे. मग राहिली, आई गेली तरी राहिली. मधल्या वर्षांत मला कुणी विचारलं असतं की वडिलांची आठवण येते का, तर मी हो म्हटलं असतं, पण आत काही हललं नसतं. रोज सकाळी देवपूजा करतो, तुमच्या फोटोला फूल वाहतो, आणि गाडी सुरू करून ठेवतो. तिन्ही कामं सारखीच होतात.

रविवारी शिक्षक आला. मी त्याला आधी दरवाजा गळतो ते सांगितलं, मग मागची सीट दाखवून तुमचं सांगितलं. त्याने अपघात झाला होता का विचारलं. म्हटलं, नाही, गाडीने काही केलं नाही, चढ नीट चढली. तो बराच वेळ टपावरून हात फिरवत राहिला. म्हणाला, माझी हरकत नाही काका, पण बायकोला सातवा महिना आहे, घरात आई ऐकायची नाही. आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतो, तुम्हीही या, काय झालं ते देवासमोर तुमच्याच तोंडून सांगा.

काल गेलो होतो. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरानं गाडी घ्यायचं मनात आणलंय. तिच्यात ह्यांचा बापूस गेलाय. काय बाधा आसंल तर डावा दे, नसंल तर उजवा दे म्हाराजा." आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणालो. शिक्षकाची आई पदर तोंडाला लावून उभी होती. देवळात गार होतं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवं फूल पडलं. म्हातारीने माझे दोन्ही हात धरले, शिक्षक पेढे आणायला धावला, आणि मी बरं झालं म्हटलं. उद्या सकाळी तो गाडी न्यायला येईल. पत्रा खालून कसा धुवायचा, ते त्याला दाखवायचं आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. आजवर देवाला कौल लावताना मी कधी स्वतःहून बाजू धरली नाही, जे येईल ते त्याचं, असंच मानत आलो. काल मात्र हात जोडून, डोळे मिटून, त्या बाईच्या शेजारी उभा राहून मी मनात डावा मागत होतो.