पाकिटातली नागली पेरणाऱ्याची इच्छा

मी, तुषार नवशा झुगरे, वय सव्वीस, शिक्षण नववी (दहावीचं वर्ष भिवंडीच्या गोदामात खोके चिकटवण्यात गेलं), राहणार खोडाळ्याजवळचा करवंदपाडा, तालुका मोखाडा, आज पूर्ण शुद्धीत आहे. चहाशिवाय काही घेतलेलं नाही, कोणी धमकावलेलं नाही. मस्कतच्या कंपनीने फॉर्मवर विचारलंय, मेलास तर कोणाला कळवायचं. काय काय कळवायचं, ते त्यांनी विचारलेलं नाही. ते इथे लिहितो.

कलम १. माझा मोबाइल बहीण सपना हिला. तो चीनमध्ये बनला, काच नाशिकला द्राक्षाच्या पॅकिंगमध्ये फुटली, आणि त्यात कोरियन गाणी भरली आहेत ती तिनेच. पाड्यात रेंज येत नाही, हा दोष मोबाइलचा नाही.

कलम २. माझे परदेशी कंपनीचे बूट. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त आहे, पण बूट टिकलेत. ते मित्र कमलेशला द्यायचे होते. मोखाड्याचे टायपिंगवाले म्हणाले, साक्षीदाराला काही लिहून देऊ नये, पुढे कटकट होते. म्हणून कमलेशला साक्षीदार केलं आहे.

कलम ३. डोंगरावरच्या वरकस जमिनीतला माझा वाटा आई तानी नवशा झुगरे हिला. तिथे कोणालाही हॉटेल बांधू देऊ नये. शिरपामाळ बघायला येणाऱ्यांना म्हणे शेणाने सारवलेल्या घरात झोपायचंय. आम्ही फरशी बसवायची म्हणून तीन वर्षं सुरतेला राबलो. दोघांनी आधी भेटायला हवं होतं.

कलम ४. आता नागलीचं, शहरात जिला नाचणी म्हणतात तिचं. हे कलम लांबेल.

शाळेत मी नागलीची भाकरी चपातीखाली लपवून खायचो. पोरं हसायची. दोन वर्षांपूर्वी कमलेश मुंबईच्या एका साहेबाला घेऊन आला. साहेब म्हणाला, तुमची नागली आता अमेरिकेत खातात. मला एवढा अभिमान वाटला की कणगीतली तर विकलीच, आईने राखेत घालून ठेवलेलं बियाणंही विकलं. आई खोडाळ्याच्या बाजाराला गेली होती. सूर्यमाळची मावशी रामी, आईची थोरली बहीण, तेव्हा घरात होती. तिने मडक्यावर हात ठेवला. "बी इकत नाय रे."

मी म्हणालो, "मावशे, जग कुठं गेलं आणि तू मडक्यात."

ती उठून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

जाताना साहेबाने, बाजारातून परतलेल्या आईचा फोटोही काढला. वर्षभराने ठाण्याच्या मॉलमध्ये तीच नागली दिसली. पाकिटावर आई, खाली नाव लिहिलंय 'गौरी'. मी ते घेऊन आलो, आईची नागली आईला परत म्हणून. आईने पाकीट बराच वेळ बघितलं.

"सूप उलटं धरलंय मी."

"साहेबाने तसंच धरायला सांगितलं होतं ना?"

"हां. सरळ धरलं तर तोंड दिसत नाय म्हणाला."

मिरगाला मी ती राबावर, पालापाचोळा जाळून केलेल्या रोपांच्या वाफ्यावर, पेरली. गवत उगवलं, छान उगवलं. मग पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. नागली भाजलेली होती. साहेबाने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याने लिहिलं होतं.

कलम ५. ते रिकामं पाकीट आईला. ती जाऊ शकली नाही अशा सगळ्या दुकानांत ते जाऊन आलंय.

कलम ६. <s>आमच्या घराण्याचं बियाणं आता फक्त रामी मावशीकडे आहे, आईनेच तिला कधी काळी दिलेलं. माझ्या पश्चात सपनाने ते माझ्या नावाने मागून आणावं आणि आईच्या शेतात पेरावं.</s>

हे कलम मी खोडलं आहे, कारण असं. साक्षीदार म्हणून मावशीला सूर्यमाळहून बोलावलं. म्हटलं, कागद ऐकेल आणि कागदावरच माफ करेल. कमलेशने वाचून दाखवला. सगळं ऐकून ती दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बी नेणारा पिकल्यावर दीडपट आणून घालतो. मेलेला कसा आणल?"

"सपना आणेल ना."

"सपना तिच्या नावाने नेल. तू घालवलंस ते तू माग. जित्तेपणी."

"मावशे, माझं विमान एकोणतीस तारखेला आहे."

"आन मिरग?"

मिरग आठ जूनला. कमलेश म्हणाला, "येड्या, मूठभर नागलीसाठी मस्कत सोडतोस? ते दुसऱ्याला घेतील." घेतील. माझ्यासारखे त्यांच्याकडे ढिगाने आहेत, खोक्यावर नुसतं नाव बदलायचं. मी मावशीकडे बियाणं मागितलं. तिने पदराची गाठ सोडली. बियाणं ती सूर्यमाळहून निघतानाच घेऊन आली होती.

साक्षीदार :
१. कमलेश (सही). बूट मिळणार नाहीत हे मान्य.
२. रामी, राहणार सूर्यमाळ (डाव्या अंगठ्याचा ठसा). तिच्या सांगण्यावरून लिहितो : साक्ष फक्त दीडपटीची.

ठिकाण : मोखाडा
दिनांक : २१ मे २०२५

लिहून देणार : तुषार नवशा झुगरे. सहीची जागा सध्या रिकामी. राब पेरून आलो की बघू.