टेम्पोतला ओ

३ फेब्रु., सोमवार

साळवेबाईंच्या कॉम्प्युटरवर अखेर हात घातला. बटण दाबून बाई नळावर डबा धुऊन येतात, तरी तो उठलेला नसतो. मॅनेजर म्हणाले, "फॉरमॅट मारा, नाहीतर भंगारात द्या." मी म्हणालो, फॉरमॅट न मारता पळवून दाखवतो. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणालो.

ब्लोअरने धूळ काढली. सुरू होताना आपोआप उठणारी प्रोग्रामची फौज बंद केली. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते, एक काढला. टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फाईली साफ. डी ड्राइव्हवर पण एक TEMP फोल्डर निघालं, चांगलं भरलेलं. शिफ्ट-डिलीट. आत बघायचं काय, कचरा तो कचरा.

जेवणाच्या सुट्टीत बाई जागेवर नाहीत बघून माझ्याकडे मामांच्या नकलेची फर्माईश झाली. शांतवनमामा म्हणजे बाईंचे मालक, आमच्या डेअरीच्या दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतानाही आधी 'हालो' म्हणून थांबायचे, पलीकडून कुणी ओ देईल म्हणून. "हालो... हालो... साळवेबाई, पुलावं हाय. च्या ठिवा." स्वतःच्या बायकोला साळवेबाई! सगळे हसून बेजार. दिवाळीत मामांना पॅरालिसिसचा झटका आला, वाचा गेली. हसताना ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच.

४ फेब्रु., मंगळ.

कॉ. पळतोय. बाईंनी डब्यातून माझ्यासाठी शेंगदाण्याची पोळी आणली. "तुमच्या हाताला गुन हाय, भाऊ." फुशारलो.

दुपारी त्या हेडफोन लावून बसल्या. काढला, परत लावला.

"भाऊ, माझं टेम्पोचं कुठं गेलं?"

कसलं टेम्पोचं, विचारलं.

"ह्यांचं बोलनं हुतं त्यात. ऑफिसचा जुना फोन बदलला तवा मीच हिकडं घेतलं हुतं. टेम्पो नाव दिल्तं. डॉक्टर म्हनले, त्यांचंच बोलनं त्यांना ऐकवा, जीभ वळंल. म्हनून तर मागच्या म्हयन्यात तुमाला म्हनले, टेम्पोचं माझ्या मोबाईलवर घालून द्या."

म्हणाल्या होत्या. मला वाटलं टेम्पोचा काहीतरी हिशेब असेल. 'बघू' म्हणून सोडून दिलं होतं.

डी ड्राइव्हवरचं TEMP. पुढचा ओ लिहायचा राहिलेला.

तोंडातून निघालं, "शोधतो."

बाईच म्हणाल्या, "माझाच हात लागला असंल. मला कुठं कळतंय त्यातलं."

आणि मी मान डोलावली. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशी तरी नाकारता येणार नाही.

५ फेब्रु., बुध.

डिलीट केलेलं लगेच जात नाही. नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत जागेवरच असतं. म्हणजे कॉ. बंद ठेवायला हवा. बंद ठेवा म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार.

बाई आज दिवसभर दुधाच्या पावत्या स्कॅन करून डी ड्राइव्हवर टाकत होत्या. भराभर. मीच पळता केलाय ना! दर पावतीला वाटायचं, गेला आणखी एक 'हालो'. समोर बसून दोनदा चहा प्यालो. उठायचं ठरवलं की मॅनेजर तरी यायचे, नाहीतर मीच काहीतरी काम काढायचो.

घरी हिने विचारलं, बरं नाही का. बरं नाही म्हणालो. लाज वाटतेय असं कुठे सांगणार.

६ फेब्रु., गुरु.

बाई बटण दाबणार, तेवढ्यात वायर उपसली. उभ्यानेच सांगून टाकलं. तुमचा हात लागला नव्हता, मी पुसलं. परवाच कळलं होतं, गप्प बसलो. काल जेवढं काम झालं तेवढं त्याच्यावर लिहिलं गेलं असेल.

वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीत बसल्या, बंद पडद्याकडे बघत.

"काल सांगितलं असतं तर काल बंद ठिवला असता, भाऊ."

एवढंच. नंतर दिवसभर 'भाऊ' ऐकलं नाही.

हार्डडिस्क काढून नगरला एकाकडे दिली, गेलेला डेटा काढून देतो तो. एसटीत मांडीवर धरून नेली. खात्री देत नाही म्हणाला.

७ फेब्रु., शुक्र.

फोन नाही. बाईंना दुसऱ्या टेबलाचा कॉ. दिलाय. तो हळू आहे.

१० फेब्रु., सोम.

नगरवाल्याचा फोन आला. काही फाईली मिळाल्यात. नावं उडालीत, बऱ्याच ठिकाणी नुसती खरखर. आत ऑफिसचे बाकीचेही आवाज आहेत, यातला तुमचा कोणता ते मला कसं कळणार, म्हणाला. ओळखणारं माणूस पाठवा.

बाईंना म्हटलं, चला सोबत.

"मी नगरला गेल्यावर त्यांच्याजवळ कोन बसंल? ऑफिस सुटलं की मला पळावं लागतं. तुमीच ऐकून या."

म्हटलं, खरखरीत मला ओळखू येईल का, नक्की नाही.

पावत्या लावता लावता, वर न बघता म्हणाल्या, "येईल की. तुमी तर हुबेहूब करता त्यांचं. पलीकडं नळावर समदं ऐकू येतं."

जागेवर येऊन बसलो.

उद्या पहिल्या एसटीने जायचंय. मघापासून मामांचा आवाज आठवून बघतोय. दर वेळी माझी नक्कलच ऐकू येते.