दातात धरलेला पेचकस

बाबा, तुमची ती लाल गाडी परत आली आहे. मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि तुमच्या नातवाने ती ट्रकवरून उतरवली, तेव्हा मला वाटलं, आणलं या पोरानं आणखी एक भंगाराचं धूड. हल्ली त्याला तोच नाद आहे. लोकांना बागेतले जुने छोटे ट्रॅक्टर घासूनपुसून, रंगवून फार्महाउसच्या दाराशी उभे करायचे असतात, आणि हा ते दुरुस्त करून देतो. चिखलदऱ्याच्या एका कॉफीच्या बागेत घाणेरीच्या झुडपात पडली होती म्हणे. आधी मी ओळखलंच नाही. मग ते एका माणसापुरतं लोखंडी आसन दिसलं, आणि डाव्या मडगार्डवरचे पोचे दिसले, एकाला लागून एक, आणि मी खुर्चीतून उठून त्यांच्यावर बोटं फिरवली. पोरगा म्हणाला, "आई, हे ठोकून सपाट करतो, मग रंग नीट बसेल." मी अशी खेकसले त्याच्यावर की तो हातोडी ठेवून चहा प्यायला निघून गेला.

तुमचं दुखणं मला कसं कळलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अकोटच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या गदारोळात तुमची उमर गेली. नागपूरहून दीक्षा घेऊन आलात आणि दुसऱ्याच वर्षी म्हणालात, आता कोणाच्या हाताखाली नको, आणि अकोल्यात ही टिनाची शेड टाकली. दादा अमरावतीला सरकारी कचेरीत लागला होता, त्याला ग्रीसचा वास सोसत नव्हता. मी मॅट्रिक होऊन घरात बसलेली, मायचं रोज स्थळांचं पुराण. तुम्ही म्हणालात, "बसून काय करतं बाई, ये शेडवर. तुहा हात बारीक हाये, गिअरबॉक्सात जाते." मी आले. इंजिन चालू झालं की तुम्ही लांब पेचकसाचं, स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक त्याच्यावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटायचे, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. आत काय बिघडलंय ते तुम्हाला तेवढ्यात कळायचं. एक दिवस पाहते तर मूठ कानाला नाही, दातात धरलेली. मला वाटलं दाढ दुखते, मी हसलेसुद्धा. मागून हाक मारली, पुन्हा मारली. मग तेलाचा रिकामा डबा जमिनीवर आपटला. तुम्ही वळला नाहीत. कान गेले होते, आणि इंजिनाची थरथर तुम्ही दातांनी ऐकत होता.

घरी येऊन मायला सांगितलं तर तिने भाकरी थापायची थांबवली नाही. तिला आधीच माहीत होतं. "कोणाले बोलशीन तर पाह्य," ती म्हणाली. "भैऱ्या मिस्त्रीकडं कोन इंजिन आनते?" झालं. तेव्हापासून मी भिऊनच जगले. गिऱ्हाईक आलं की मी पुढे व्हायची, त्याचं बोलणं मोठ्याने परत म्हणायची, तोंड तुमच्याकडे करून, म्हणजे ओठ पाहून तुम्हाला समजावं. कधी मी नळावर गेलेली असले आणि कोणी आलं, तर तुम्ही नुसती मान हलवायचे. मी धावत येऊन पाहायची, कशाला हो म्हणून बसलात. लोक म्हणायचे, मिस्त्रीची पोरगी फार चोंबडी आहे. म्हणू दे, म्हटलं.

आणि त्यातच ही गाडी, हा बागेतला छोटा ट्रॅक्टर, चिखलदऱ्याच्या बागमालकांनी दुरुस्तीला पाठवली. कुठल्याशा गोऱ्या साहेबाने स्वराज्याच्या आधी मागवलेली, कॉफीच्या रांगांमधून फिरावी म्हणून अरुंद केलेली, एका सिलिंडरची, पुढे हँडल मारून चालू करायची. आत उंदरांनी घर केलेलं. पिस्टन असा जाम झाला होता की राकेल ओतून ओतून तुम्ही त्याची आठवडाभर मनधरणी केली. सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. घासलेला गिअर तुम्ही ओळखीच्या खरादवाल्याकडे, लेथच्या कारखान्यात, बसून कापून घेतला, आणि गिअर जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग मोडली होती, तिच्या जागी जिनिंगमधली जुनी स्प्रिंग कापून बसवली. माझ्याच हाताने बसवली, कारण तुमचा हात आत जात नव्हता. "बसली?" तुम्ही विचारलं. मी मान डोलावली. ती घट्ट बसली होती. तापल्यावर ती नरम पडेल हे ना तुम्हाला सुचलं ना मला. शेडपुढच्या सपाटीवर गाडी झकास चालली आणि तुम्ही मायसाठी मोगऱ्याचा गजरा आणलात, ती म्हणे या वयात कायले.

गाडी बागेत पोहोचवायला निघालेला ट्रकवाला परतवाड्यापर्यंत आला आणि चिखलदऱ्याचा घाट पाहून अडून बसला. माझे ब्रेक बरोबर नाहीत, ओझं घेऊन मी वर चढणार नाही, म्हणाला. मला इतकं बरं वाटलं, बाबा. वाटलं, आता परत जाऊ. तुम्ही त्याचे ओठ पाहिले, जरा विचार केला आणि म्हणालात, "चालवतच नेऊ." मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, मागून एसटी आली, तिने हॉर्न मारला तर? तुम्ही माझा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवलात. थोपटलं की मागून मोटार येते, बाजूला घ्या. घट्ट दाबलं की थांबा. एवढ्या दोनच खुणा ठरल्या. गाडीच्या आतलं काही मला सांगावं लागेल असं डोक्यातच आलं नाही, कारण इंजिनाचं तुम्हाला बुडाखाली अन् पायाखाली कळत होतं. मी मडगार्डवर बसले. एक हात तुमच्या खांद्यावर, मांडीवर लाकडी ठोकळा आणि मोठा पाना. चढावर थांबायची वेळ आली तर उडी टाकून चाकामागे ठोकळा सरकवायचा, हे माझं काम.

अजून तो घाट डोळ्यापुढे आला की मी घट्ट काहीतरी धरते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला साग आणि त्याच्या खाली काहीच नाही. गाडी बैलाच्या चालीने चढतेय. एसटी येते, मी थोपटते, तुम्ही बाजूला घेता, ती निघून जाते. असं दोनतीनदा झालं आणि मला जरा धीर आला. आणि मग एका वळणाच्या अलीकडे गिअरबॉक्समधून कर्र कर्र असा आवाज यायला लागतो. बारीकच, पण मला कळतं तो कशाचा आहे. गिअर सुटायला आलाय. मी ओरडते, "बाबा, गिअर, गिअर," आणि ओरडता ओरडताच कळतं की मी कोणाला ओरडतेय. याची खूण ठरलेली नाही. माझ्याकडे दोनच खुणा आहेत, आणि मी घाबरून तुमचा खांदा घट्ट दाबते.

तुम्ही थांबलात. खूणच ती होती. क्लच दाबलात, ब्रेक दाबलात, गाडी क्षणभर जागेवर राहिली, पण एकट्या ब्रेकला उतार धरेना आणि ती हळूच मागे यायला लागली. तुम्ही गिअर टाकू पाहता, तो बसत नाही. मी उडी टाकली आणि ठोकळा चाकामागे घातला, तो मुरमावरून घसरला. पुन्हा घातला आणि त्याच्यावर दोन्ही गुडघे टेकवून सगळ्या वजनानिशी बसले. चाक वर चढू पाहत होतं. मग ते थांबलं. माझ्या पाठीमागे रस्त्याची कड किती राहिली होती ते मी पाहिलं नाही, आणि तेव्हाच तुम्ही हाक मारलीत.

"बाई," तुम्ही म्हणालात. "बाई, हाये का?" मी म्हटलं, आहे. तुमचे दोन्ही पाय पॅडलवर दाबलेले, तुम्हाला उठता येईना, मान वळवली तरी चाकाआड बसलेली मी दिसेना. "बाई, बोल ना." मी बोलतच होते, बाबा. आहे, मी आहे, बरी आहे, गळा फाटेस्तोवर ओरडत होते, आणि तुमचा आवाज दर हाकेला चिरत चालला होता. तुम्हाला वाटत होतं मी चाकाखाली गेले. ठोकळा सोडून तुमच्या खांद्याला हात लावायला यावं तर गाडी मागे येणार. तुम्ही पाय सोडून मला बघायला उतरलात तरी येणार. तुमचा एक पाय उचलला जातोय असं मला दिसलं आणि तसं भेव मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही. मला तो पेचकस आठवला. शेजारी पडलेला पाना उचलून मी मडगार्डवर हाणला. आणखी हाणला. पत्रा आत जाईपर्यंत हाणत राहिले. तो हादरा तुमच्या हाडापर्यंत गेला. पाय परत खाली टेकला आणि तुम्ही मान खाली घालून, स्टिअरिंगला कपाळ लावून रडलात. तुम्हाला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मग कसाबसा गिअर बसला, आणि पुढचा घाट तुम्ही गिअरची दांडी एका हाताने दाबून धरून चढलात. वर एका झाडाखाली थांबलो तेव्हा मला विचारलं, "भेव लागलं?" मी म्हटलं, नाही. तुम्ही इतके चिडलात. "खोटं काहून बोलतं? मले लागलं. तुले नसन लागलं तर उद्यापासून शेडवर येऊ नको." मला त्या दिवशी मारलं असतं तरी चाललं असतं, पण हे बोलणं फार लागलं. लागलं भेव, असं मी ओठ हलवून म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्या पदराला लागलेला मुरूम झटकून दिलात.

बागेचे मालक पायरीवरच उभे होते. चांगले गृहस्थ होते, पण तोलूनमापून बोलणारे. गाडीभोवती फिरले, मग तुमच्या पाठीमागून विचारलं, "मिस्त्री, गिअरचा आवाज येतो का हो?" मी सवयीने पुढे झाले. तुम्ही मला हाताने अडवलंत. "साहेब, मले ऐकू येत नायी," तुम्ही म्हणालात. "दोन सालं झाली. स्प्रिंग कच्ची हाये, ते मी बदलून देतो. आवाजाचं हिले विचारा." वाटलं, संपलं, अकोल्याला पोहोचायच्या आत ही बातमी पोहोचेल आणि शेडला कुलूप. मालकांनी गिअरची दांडी हलवून पाहिली. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बोला, काय म्हणते गाडी?" मी चाचरत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा पंप आला, मग त्यांच्या शेजाऱ्यांचा. मायचं म्हणणं तेवढं खरं झालं नाही. तिने ते कधी कबूल केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मागच्या आठवड्यात पोराने ही गाडी पहिल्यांदा चालू केली आणि त्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मी तुमचा पेचकस काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. काहीच नाही. वाटलं, बंद पडली. पण दुसरा हात बॉनेटवर होता आणि बॉनेट थरथरत होतं. कोणी पाहत नाही ना ते पाहिलं आणि मूठ दातात धरली. तुमच्या दातांच्या खुणा अजून आहेत तिच्यावर, माझे दात बरोबर त्याच्यात बसले. सगळं ऐकू आलं, बाबा. गिअरसुद्धा.

पोराला अजून सांगितलं नाही. तुम्ही त्या पायरीपाशी बोललात ते आठवून रोज सकाळी ठरवते आणि रोज राहून जातं. मडगार्डचे पोचे का काढायचे नाहीत हेही त्याला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं तर दुसरंही सांगावं लागेल. हे कागद पेचकसाबरोबर पेटीत ठेवून देते. आत्ता लिहिताना तो दारात येऊन काहीतरी म्हणाला. मी मान हलवली. काय म्हणाला, कोण जाणे.