खालची चिठ्ठी कापून पाठव

प्रिय रेडिओ,

अनास्था म्हणे! मला! उजाडायच्या आत उठून पोरीच्या दोन वेण्या घालते, तिच्या फ्रॉकच्या चुण्या अशा बसवते की बोट लावलं तर कापेल, आणि तुझा छापील कागद मला सांगतो की ‘पालकांची अनास्था दिसून येते’. हा शब्द मला माहीत नव्हता. गल्लीतल्या औषधवाल्याला विचारला. तो आधी चष्मा पुसत बसला, मग हळूच म्हणाला, मावशी, अनास्था म्हणजे काळजी नसणं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला आणि त्यालाच झापलं. त्याची काय चूक होती? पण समोर जो असतो त्याच्यावरच निघतं. तू समोर नव्हतीस. म्हणून आता लिहितेय.

‘रेडिओ’ वाचून दचकली असशील. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर असल्या मायन्याचं पत्र कुठून येणार! या नावानं तुला हाक मारणारी जगात एकच आहे. तेव्हा सही बघायला खाली पळू नकोस, ओळीनं वाच. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. गोष्टीच्या पुस्तकाचंही शेवटचं पान आधी वाचायचीस.

तुझ्या शाळेच्या मागच्या रस्त्यावर निळ्या फळीचं इस्त्रीचं दुकान आहे ना, ते माझं. तुझ्या दुसरीच्या वर्गात माझी नात आहे. घरात तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली मी अजून पाहिली नाही. मुलगा माझा ट्रक चालवतो, घरी पाहुण्यासारखा येतो. सून बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, अंधारात जाते आणि अंधारात येते. राहिले मी. पोरीचं खाणंपिणं, सर्दीपडसं, हट्ट, सगळं माझ्याकडे. आणि शाळेचे निरोप कोणाकडे? मुलाच्या फोनवर! तो तिकडे कुठल्याशा पंपावर डिझेल भरत उभा असतो. निरोप आला की न वाचता अंगठ्याचं चित्र दाबतो. तुमच्या बाईंना वाटतं, घरी कळलं. त्याला वाटतं, बापाचं काम झालं. आणि इथे मला काहीच पत्ता नाही. लोक मला अंगठेबहाद्दर समजत आले गं आयुष्यभर. पण मी निदान सही करते. अंगठा देतो तो माझा बारावी झालेला लेक.

दुसरे निरोप दप्तरातून येतात, कागदावर. अक्षरं मला वाचता येतात. का येतात ते तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही, ते पुढे सांगते. पण ती तुमची वाक्यं पोटात जात नाहीत. ‘उपरोक्त विषयान्वये’. मला खरंच वाटलं, उपरोक्त हे कोणी नवे साहेब आलेत. ‘विहित मुदतीत’, ‘सदर उपक्रम’. अगं, कोणाला लिहिता तुम्ही हे? या गल्लीत एक सुतार आहे, एक चहाची गाडी लावणारी आहे, एक रात्रीचा पहारेकरी आहे, त्यांना? का तुमच्या तुम्हीच एकमेकांना लिहिता आणि आमच्या पोरांकडून नुसती पोचवून घेता?

त्या मागच्या कागदाचं काय झालं ते ऐक. वर्ग अग्निशमन केंद्र बघायला नेणार होता, त्याची परवानगी मागणारा कागद होता तो. खाली ठिपक्यांची रेघ, रेघेखालची चिठ्ठी कापून सही करून पाठवायची. मला काय ठाऊक! जाड, कोरा करकरीत कागद दिसला. आमच्या धंद्यात शर्टाच्या घडीत असा कागद घातला की कॉलर ताठ राहते. घातला बँकेतल्या साहेबाच्या पांढऱ्या शर्टात आणि दिला पाठवून. दोन दिवसांनी संध्याकाळी भिंगरीला घ्यायला फाटकाशी गेले, तर ही नेहमीसारखी उड्या मारत नाही, चालत आली. घरी आल्यावर मात्र तोंड सुटलं. आज आम्ही बंब बघितला आजी, लालभडक, शिडी अशी वर वर वर जाते, आणि मला घंटा वाजवायला दिली. मी गिऱ्हाइकाला सांगत सुटले, आमच्या पोरीनं बंबाची घंटा वाजवली. मग चार दिवसांनी तो बँकेचा साहेब आला. म्हणाला, मावशी, हा कागद माझ्या शर्टात निघाला, तुमच्या नातीची सहल राहिली तर नाही ना?

राहिली होती. सगळा वर्ग बंब बघायला गेला आणि ही तुझ्या ऑफिसच्या बाहेर शिपायाच्या शेजारी खडूचे तुकडे निवडत बसली. तुला दिसली असेल. तू जाता येता तिच्या डोक्यावरून हातही फिरवला असशील, तुझा स्वभावच तसा. मी तिला विचारलं, खोटं का बोललीस गं? मारायला हात उचलला होता, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, तू कागद वाचला नाहीस हे तुला कळलं असतं ना, मग तुला वाईट वाटलं असतं. सात वर्षांची आहे ती, रेडिओ. हात तसाच राहिला माझा. मग त्याच हातानं पातेलं उचललं आणि दूध तापवायला ठेवलं. दुसरं काय करणार!

आणि आता हा नवा, अनास्थेचा कागद. हा मी शर्टात घातला नाही, औषधवाल्याकडून शब्दन्‌शब्द समजावून घेतला. शनिवारी पालकांची सभा. जे पालक येणार नाहीत त्यांच्या मुलांची सुट्टीनंतर वेगळी तुकडी, कारण त्यांना ‘घरून सहकार्य मिळत नाही’. तू चांगल्या मनानंच केलं असशील, त्या मुलांकडे जास्त लक्ष देता यावं म्हणून. पण भिंगरी शेजारी उभी राहून ऐकत होती. तिच्या बाकावर एक पुढचे दोन दात पडलेली मुलगी बसते. दोघींनी एक खोडरबर मधोमध कापून वाटून घेतलंय. घरी आल्यावर भिंगरीनं दप्तर उतरवलं. मग म्हणाली, आजी, मला दुसरीकडे बसवलं तर तिच्या शेजारी कोण बसेल? स्वतःचं काय होईल ते विचारलं नाही. तिचं विचारलं.

तेव्हा मला आपला बाक आठवला. मी डावरी, लिहिताना माझं कोपर तुझ्या पाटीला लागायचं आणि तुझं अक्षर घसरायचं. गुरुजी तुला दुसरीकडे बसवायला निघाले, तर तू त्यांनाच म्हणालीस, हिला डाव्या टोकाला बसवा, मग कोपर बाहेर जाईल. बाहेर गेलं आणि पुढच्या वर्षी त्याच्यामागून मीही गेले. आईला पाचवं झालं, धाकट्यांना सांभाळायला कोणी नव्हतं, तिसरीतच माझी शाळा संपली. रडले नाही. भांडी घासायला नळावर बसले.

आणि तू यायला लागलीस. शाळा सुटली की दप्तरासकट नळावर. मी भांडी घासायची आणि तू त्या दगडावर बसून अख्खी शाळा सांगायचीस. कोणाला छडी बसली, कोणाचा पाढा अडला, कवितेला चाल कशी, सगळं. गुरुजींचा घोगरा आवाज काढायचीस, वर्गातल्या त्या तोतऱ्या पोराचा काढायला गेलीस तेव्हा मीच तुला दटावलं होतं. ओल्या बोटानं दगडावर जोडाक्षर काढायचीस आणि ते वाळायच्या आत मला वाचून दाखवायला लागायचं. ‘क्ष’ मी तसा शिकले. आई आतून ओरडायची, त्या रेडिओला बंद कर आणि हात चालव. पण तुला एकदा ताप आला, चार दिवस आली नाहीस, तर तीच दारात येऊन म्हणाली, काय गं, रेडिओ लागला नाही आज? त्या तोतऱ्या पोराचं काय झालं पुढे?

माझ्या आईनं शाळेचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. शाळा म्हणजे काय हे तिला तुझ्या तोंडून कळलं. आणि एकदा कळल्यावर तिनं माझ्या पाठच्या एकालाही मधून काढलं नाही. उपाशी राहिली, पण चौघांनाही शेवटपर्यंत शिकवलं. तुला हे माहीत नसेल. तुझ्या वडिलांची बदली झाली, तुम्ही गेलात. मला निरोप घ्यायलाही जमलं नाही, मी धाकट्याला घेऊन दवाखान्यात होते.

तू इथे आल्याचं मला कोणी सांगितलं नाही. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात सकाळी तुमचा भोंगा लागला आणि त्यातून ‘मुलांनो’ अशी हाक आली. शेवटचं अक्षर वर नेणारी, जशी तू मला लांबूनच द्यायचीस. माझी इस्त्री एका पँटवर तशीच राहिली. गुडघ्यावर तांबूस त्रिकोण उमटला, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली. पण मी हसत होते, त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तेव्हापासून रोज सकाळी भोंगा लागला की मी इस्त्री उभी करून ठेवते.

मग भेटायला का आले नाही, असं विचारशील. आले होते. मागच्या सभेला दुकान बंद करून, ठेवणीतले कपडे घालून आले होते. दारात एक तरुण बाई कागद घेऊन उभी होती. मोठ्यानं म्हणाली, आजी, तुमचं शिक्षण काय लिहू? मागे रांग. आत तू माइकवर बोलत होतीस आणि आवाज तुझाच होता गं, पण बोलणं त्या कागदाचं होतं. ‘सदर उपक्रमांतर्गत पालकांचा सहभाग’. म्हटलं, ही आपली नाही. तोतऱ्या पोराचं पुढे काय झालं, हे ही सांगायची नाही. त्या बाईला म्हणाले, इस्त्री चालू राहिली वाटतं, आणि परत फिरले. तेव्हा तुझ्या यादीत मी न आलेली असेन. मी आले होते. दारापर्यंत आलेल्यांची यादी तुमच्याकडे नसते, ही माझी चूक नाही.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. माझ्या गल्लीतून तुझ्या सभेला कोणी येत नाही, हे खरं आहे. ती चहावाली, तो पहारेकरी, सगळे माझ्यासारखेच दारातून परत फिरलेत किंवा दारापर्यंतही गेलेले नाहीत. तुझे कागद घेऊन ते माझ्या दुकानात येतात, मी औषधवाल्याकडे पाठवते, त्याला वेळ असला तर तो वाचतो. म्हणून मी त्या सगळ्यांना सांगून टाकलंय की गुरुवारी संध्याकाळी दिवे लागल्यावर शाळेच्या मोठ्या बाई माझ्या दुकानात येणार आहेत आणि पोरं दिवसभर काय करतात ते तोंडी सांगणार आहेत. तुला विचारायच्या आधी सांगितलं. माझी घाई तुला नवी नाही. तर माइक आणू नकोस, कागद तर मुळीच आणू नकोस. कपड्यांचे गठ्ठे सरकवून टेबलावर जागा करते, तिथे बस आणि नळावर सांगायचीस तसं सांग. कोण हुशार, कोण खोडकर, कोणाला काय येत नाही, आणि आम्हाला घरी काय करता येईल. हवे तर आवाजही काढ. शनिवारी बघ मग खुर्च्या रिकाम्या राहतात का. तोवर तुकड्या पाडू नकोस. त्या दोघींचं खोडरबर एकच आहे. तुझे कागद ज्या दप्तरातून येतात त्याच दप्तरातून हे पत्र पाठवतेय. भिंगरीला यातलं काही ठाऊक नाही, तिला वाटतंय की आजीनं अर्ज केलाय. तिला बोलावून विचारत बसू नकोस, नाहीतर फिरायला लागेल. खालची चिठ्ठी कापून तिच्याच दप्तरात घाल. नाही म्हणायचं असेल तर तेही चालेल, पण स्वतःच्या हातानं लिही, छापील पाठवलंस तर शर्टात घालीन.

तुझीच,
डावरी

. . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . . .

मी गुरुवारी येते / येत नाही. (नको ते खोड.)
सही :
तोतऱ्या पोराचं पुढे काय झालं :
विहित मुदत : बुधवार, शाळा सुटायच्या आत. नंतर आलेली चिठ्ठी चालणार नाही.