ट्रामचं दार असलेलं अंगण

मी, सबोहत, मिर्झारहीम सुताराची मुलगी आणि ट्रामचालक ओलिम यांची विधवा, राहणार ताश्कंद, जुने शहर, तुती गल्ली, आज माझ्या अंगणातल्या द्राक्षमांडवाखाली बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डावा कान निम्माच चालतो, परंतु डोके शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिलेला आहे. कोणी धाक दाखवून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. मला धाक दाखवायला आले त्यांचे काय झाले, ते पुढे येईलच.

कलम पहिले. सदर घर, म्हणजे अंगण, अंगणाभोवतीच्या सर्व खोल्या, मांडव, जर्दाळूचे झाड आणि रस्त्याकडचे दार, हे सर्व माझ्या पश्चात माझी मुलगी नफोसत हिला मिळावे. तिने ते विकू नये. खोल्या भाड्याने देत राहावे.

हे असे का, ते माझा मुलगा इल्खोम याला कळावे म्हणून सांगते.

आमच्याकडे पहिली भाडेकरू आली ती ट्रामने. ओलिम त्या दिवसांत चोर्सू बाजाराच्या मार्गावर गाडी चालवत. एका संध्याकाळी ते घरी आले आणि त्यांच्या मागे एक कोरियन बाई, कडेवर मुलगी, हातात बोचके. ही वेरा त्सोय. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. दिवसभर ओलिमच्या ट्राममध्ये इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत बसली होती.

"सबोहत," ओलिम मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला उतरायला थांबाच नाही गं. कोपऱ्यातली खोली रिकामीच आहे ना?"

"तिथे कांदे ठेवलेत."

"कांदे माझ्या उशाशी ठेव."

कांदे खरेच बरेच दिवस आमच्या उशाशी होते. वेरा गाजराची तिखट कोशिंबीर करून बाजारात विकू लागली आणि पहिल्या महिन्यापासून भाडे देऊ लागली. मी नको म्हटले तर रागावली. "फुकट राहिले तर मला तुमच्याशी भांडता येणार नाही, आपा." नफोसत, हे ध्यानात धर. थोडे का होईना, भाडे घ्यावे. भाडे देणाऱ्याची मान ताठ राहते.

पुढे हिवा शहराकडचा कुवोंदिक सुतार बायकोसह राहायला आला. मग नर्सिंग शिकणाऱ्या मुली आल्या. अंगणात एकाच वेळी तीन भाषांत भांडणे चालत आणि एकाच कढईत पुलाव शिजे. ते दिवस आठवले की आजही मला जिऱ्याचा वास येतो.

मग ओलिम गेले. त्यांचा चाळिसावा दिवसही झाला नव्हता, तोच धाकटे दीर सोबित आले आणि माच्यावर मांडी घालून बसले.

"वहिनी, बाईमाणसाला एवढं अंगण कशाला? गिऱ्हाईक आणलंय. तुम्हाला छोटा फ्लॅट घेऊन देतो."

"घर माझ्या नावावर आहे, भाऊजी."

"असेल. पण रस्त्याकडचं दार माझ्या बापाने कोरलंय. ते कुठे तुमच्या नावावर आहे?"

दुसऱ्या दिवशी दोन माणसे आणून त्यांनी दार बिजागऱ्यांसकट उचकटून नेले. हिवाळा तोंडावर होता. बिनदाराच्या घरात विधवा किती दिवस टिकेल, असा त्यांचा हिशेब. मी उघड्या चौकटीसमोर उभी राहिले आणि नवरा गेला त्या दिवशी रडले नव्हते तेवढी रडले.

वेराने काय करावे? आपली लोखंडी खाट ओढत आणली, चौकटीत आडवी टाकली आणि वर बसून गाजरे किसू लागली. येणारा-जाणारा विचारी, "काय गं, दार कुठे गेलं?"

"दार मीच. काय काम आहे?"

लोकांना गंमत वाटू लागली. कोशिंबीर घ्यायला ते तिथेच येऊ लागले. ती बाजारात असली की कुवोंदिकची बायको खाटेवर बसे, तिच्यानंतर नर्सिंगच्या मुली पुस्तके घेऊन. भाडेकरूच ते. दुसरीकडे खोली बघून निघून जाता आले असते त्यांना. एकही गेला नाही.

ही गोष्ट ट्राम डेपोत पोहोचली. ओलिमचे सोबती हातगाडीवर भंगारातल्या जुन्या ट्रामची दोन दारे घेऊन आले. काचेची, मधोमध घडी पडणारी. कुवोंदिकने चौकट नव्याने बांधली आणि दारे बसवली. महिनाभर त्याच्याकडून भाडे घेतले नाही, तेव्हा तोही रागावला.

काही दिवसांनी सोबित गिऱ्हाइकाला घेऊन आले. दाराकडे पाहतच राहिले. "हे काय आहे?"

आतून वेरा म्हणाली, "आधी तिकीट काढा, मग आत या."

गिऱ्हाईक पोट धरून हसले आणि हसत हसतच निघून गेले. आता ताश्कंदात ट्राम उरलेली नाही. माझ्या घराची दारे मात्र अजून तशीच खडखडतात. तो आवाज झाला की अजूनही वाटते, ओलिम कामावरून आले.

कलम दुसरे. सोबित यांनी नेलेले कोरीव दार त्यांच्या मुलांकडे आहे. ते त्यांना लखलाभ असो. माझ्या वारसांनी त्यावर हक्क सांगू नये. मात्र सोबित यांच्या घरातल्या कोणाला कधी खोलीची गरज पडली तर द्यावी, आणि दुसऱ्याकडून घ्याल तेवढेच भाडे घ्यावे. कमी नको, जास्तही नको.

कलम तिसरे. नफोसत, घर चालवण्याबद्दल. पहिला बर्फ पडायच्या आधी गॅसच्या शेगड्यांची धुराडी साफ करून घे. भाडेकरू "चालतंय की" म्हणाला तरी ऐकू नकोस, स्वतः उभी राहून बघ. गॅसच्या धुराने माणूस झोपेतच जातो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. छपरावरचा बर्फ त्याच दिवशी ढकल. विजेचे मीटर प्रत्येक खोलीला वेगळे ठेव, निम्मी भांडणे तिथेच मिटतात. करार लिहून, नोंदवून घे. चांगल्या माणसाशी तर आवर्जून घे, म्हणजे तो चांगलाच राहतो. गळका नळ दुरुस्त करायला सांगितला की त्याच दिवशी जा. भाडेकरू नळावरून मालकाची जात ओळखतो. दुसरी किल्ली तुझ्यापाशी असेल, पण दार वाजवल्यावाचून आत पाऊल टाकू नकोस. आणि हिवाळ्यात कोणालाही बाहेर काढू नकोस. काढायचेच झाले तर जर्दाळू फुलेपर्यंत थांब.

हे शेवटचे तुला सांगायला नको. समरकंदात तुझ्या घरमालकाने भर जानेवारीत सामान जिन्यात ठेवले होते, तेव्हा तू मला फोन केला होतास. "आई, पोर तापाने फणफणलंय आणि हा म्हणतो, आजच निघा." मी पहिल्या गाडीने आले. तुम्हा दोघांना रजईत गुंडाळून घरी आणताना माझ्या मनात पक्के झाले की हे घर तुलाच द्यायचे. जिन्यात बसलेला माणूसच बरा घरमालक होतो.

कलम चौथे. मुलगा इल्खोम यास त्याच्या वडिलांचे घड्याळ, चालकाची टोपी आणि बँकेतली माझी सर्व शिल्लक मिळावी. तो वाईट नाही, लांब राहतो एवढेच. गेल्या वर्षी कझानहून आला तो बिल्डरचे कागद घेऊनच.

"आई, इथे नऊ मजली इमारत होईल. तुला नळाला गरम पाणी मिळेल."

"आणि वेरा कुठे जाईल?"

"आता वेरा-खाला आपली कोण लागते?"

"तूच आत्ता खाला म्हणालास. मावशी लागते."

तो उठून कोपऱ्यातल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा तोंडाला गाजराच्या कोशिंबिरीचा रंग होता. ते कागद त्याने परत काढले नाहीत. इल्खोम, पाहुण्यांची खोली तुझीच आहे. येताना फक्त गरम नान घेऊन ये.

कलम पाचवे. कोपऱ्यातल्या खोलीत वेरा त्सोय हिला हयातभर राहण्याचा हक्क आहे. तो कोणी काढून घेऊ नये. भाडे ती देईल. घ्यावे.

कलम सहावे. माझी खोली चाळिसाव्यानंतर चुना लावून भाड्याने द्यावी. माझा फोटो लावून बंद करून ठेवू नये. बंद खोलीला वाळवी लागते.

येणेप्रमाणे लिहिले, नोटरीबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवले, आणि उजव्या कानाने ते मी नीट ऐकले.

एक गोष्ट नोंदवणे राहिले. नोटरीबाई साक्षीदारांची नावे लिहू लागल्या तेव्हा वेरा चष्मा पुसून पुढे सरसावली. नोटरीबाई म्हणाल्या, "तुम्हाला सही करता येणार नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, तो साक्षीदार होऊ शकत नाही."

वेराने चष्मा चढवला. "मग ते पाचवं कलम खोडा," ती म्हणाली. "मला सही करायचीय."

कलम खोडलेले नाही. ती माझ्यावर रुसून जर्दाळूखाली बसली आहे.

साक्षीदार:
१. हाशिम-आका, तुती गल्ली मोहल्ल्याचे वडीलधारे (सही)
२. मुकर्रम-आपा, निवृत्त शिक्षिका, शेजारीण (सही)

लिहून देणार: सबोहत (सही)

ठिकाण: ताश्कंद, माझे अंगण
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८