पाठीवरचं पाऊल

३ एप्रिल
घर मिळालं! इतवारीच्या मागच्या गल्लीत, एक खोली, स्वयंपाकघर आणि सामाईक ओसरी. मला जिना चढवत नाही असं घरमालक रुपरावांना सांगितलं, तर म्हणाले, अवं बाई, चढाले आहेच काय इथं! म्हातारे आणि एकटे, पूर्वी मागावर लुगडी विणायचे. बायको गोपिकाबाई दिवाळीत गेली. कापडाच्या दुकानात बिलं करायचं माझं नवं काम इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

ही वही म्हणजे डॉक्टर मिनलचं औषध. त्या मनाच्या डॉक्टर. पाठ दुखते आणि धाडलं मनाच्या डॉक्टरकडं, म्हणून आधी मी चिडलेच होते. पण तपासण्यांत काही निघत नाही, सासरी सगळे म्हणायचे, ताराचे नखरे. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. आमचा हत्ती आला तो फतकल मारून बसलाच. झोप गेली, हसू गेलं. पोटच्या पोरीला उचलता येईना म्हणून भूमिकाला मौद्याला आईकडं ठेवलंय. सहा वर्षांची आहे. पाठ बरी झाली की तिला इथं आणायचं, एवढी एकच गोष्ट मनात आहे.

८ एप्रिल
सकाळी दार उघडलं तर ओसरीत एक हमाल पालथा पडलेला! घाबरलेच. पाठीत उसण भरलेली, गोपिकाबाई गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. ती गेली गा, आता घरी जा, असं म्हणत रुपरावांनी त्याला उठवलं.

गोपिकाबाई पायाळू होती, म्हणजे पायाकडून जन्मलेली. अशा माणसानं दुखऱ्या पाठीवर पाय लावला की दुखणं जातं, असं आपल्याकडं मानतात. ही डावा पाय लावायची. हातगाडीवाले, हमाल, बायका, सगळी इतवारी या ओसरीत पालथी पडून गेलेली. मग ते दुखणं जायचं कुठं, असं मी चेष्टेत विचारलं. रुपराव हसले नाहीत.

आमची भूमिकाही पायाळू आहे. ते मी बोलले नाही. उगाच पोरीच्या मागं लोक लागायचे.

१५ एप्रिल
रजेची दुपार. वीज गेली, कूलर थांबला, म्हणून गार फरशीवर पालथी पडले. दार आतून लावलेलं. आणि कमरेवर, नेमकं दुखतं तिथं, एक पाऊल टेकलं. लहान, थंड, ओलसर. ओरडायला हवं होतं. पण दुखणं असं निघून गेलं की मला रडू आलं आणि रडता रडता झोप लागली.

उठल्याबरोबर आईला फोन केला. शाळेला सुट्टी लागली की भूमिकाला घेऊन ये.

२२ एप्रिल
दुपारी जेवायला घरी येते, दार लावते, पालथी पडते. पाऊल येतंच. डॉक्टर मिनलना झोप लागते एवढंच सांगितलं, त्या खूश. मीही खूश. पाऊल कुणाचं ते स्वतःला विचारत नाही.

आज रुपरावांकडं गोपिकाबाईचा फोटो पाहिला. कमरेतून इतकी वाकलेली की चेहरा टिपायला फोटोवाला जमिनीवर बसला असणार. रुपराव म्हणाले, लग्नात माह्याहून उंच होती वं. लोकायचं दुखणं कुठं जाये म्हणून विचारत होती ना तू?

२७ एप्रिल
पाऊल जड झालंय. आता ते दुखणं काढत नाही, उतरवतं. काल माकडहाडात पडल्याची कळ. आज खांद्याखाली पोतं उचलल्याची. मी आयुष्यात पोतं उचललेलं नाही! ही दुखणी माझी नाहीत. गोपिकाबाईनं लोकांची घेतलेली दुखणी ती आता परत करतेय, आणि खाली मीच सापडतेय.

पालथी पडणं बंद केलं. भिंतीला टेकले तरी मधे तळवा लागतो.

१ मे
अंथरुणातच. उठून करायचं काय, असं वाटतं. डॉक्टर मिनलनी फोनवर सरळ विचारलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? नाही म्हटलं. खोटं बोलले. पावलाचं सांगायचं तर कोण विश्वास ठेवणार? साध्या पाठदुखीवर कुणी ठेवला नाही.

४ मे
आई भूमिकाला सोडून गेली. मीच बोलावलेलं, विसरले होते. पोरीनं धावत येऊन कमरेला मिठी मारली आणि मी किंचाळले. तिचा चेहरा —

जाताना आईनं रुपरावांना कौतुकानं सांगितलं, आमची पोरगी पायाळू आहे. त्यांचा चेहरा पडला. आई गेल्यावर आत येऊन मला म्हणाले, आजच्या आज हिले मौद्याले नेऊन घाल. गोपिका थकली वं. भार ठेवाले आपल्यासारखा पाय शोधून राहिली.

मला उठवत नाही. आईला फोन केला. उद्या परत ये, हिला घेऊन जा.

५ मे
दुपार. आई बसमध्ये आहे. वीज गेली. पाठीवर सगळी इतवारी —

भूमिका विचारते, पाय ठेवू का वं आई? आजीले माह्या पायानं बरं वाटते.

नाही म्हटलं.

पुन्हा विचारलं. नाही.

पुन्हा विचारलं तेव्हा मी — बोललेच नाही.

लहानसं, गरम पाऊल.

—

उभी आहे. ताठ. काही म्हणजे काही दुखत नाही.

भूमिका भिंत धरून चालतेय. कमरेतून वाकून. रडत नाही. मी पालथी पडले, म्हटलं परत दे, बाळा, सगळं परत दे मला — ती नुसती बघते.

ओसरीत माणसं. कुणी सांगितलं यांना? एकेक जण पालथा पडतोय. गोपिकाबाई कुठं, असं कुणी विचारत नाही. रुपराव ओरडताहेत, जा गा, घरी जा —

भूमिका उंबऱ्याशी पोचली. डावा पाय उचलते —

मला धावता येतं आता. मी तिच्याकडं धाव