सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये

तीर्थस्वरूप मामा यांस,

तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द इथे शोभेसाठी नाही. हे पत्र मी खोलीत जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे, कारण उभं राहिलं की समोरच्या पानवाल्याला मी खिडकीतून दिसतो आणि तो कालपासून माझ्याकडे बघून मान हलवतो.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, मी वेळेवर जेवतो. ताट घेऊन पलंगाखाली बसतो हे मात्र सांगू नका. आता ‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहायची रीत आहे, पण तुम्ही जन्मभर मुख्याध्यापक म्हणून खोट्यावर लाल शाई मारत आलात, म्हणून तुम्हाला खरंच सांगतो, क्षेम काहीही नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता माझी चौकशी आहे. त्यात नोकरी जाईल हे धरूनच चाललो आहे, नोकरीबरोबर आणखी काय जाईल याची यादी करत बसलो आहे. आरोप असा आहे की फुटबॉलची ती मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा कुठल्या देशात व्हावी हे मी ठरवलं. मी, मामा! ज्याला चहा घ्यावा की कॉफी हे ठरवायला शेजाऱ्याच्या पेल्यात डोकावावं लागतं, त्याने म्हणे जगाचं ठरवलं.

हे कसं झालं ते समजायला आधी माझी लिफ्ट समजली पाहिजे. आमचं हॉटेल अकरा मजली आहे आणि लिफ्ट हॉटेलहून म्हातारी. जाळीचं सरकतं दार, मागे आरसा, कोपऱ्यात मला बसायला एक स्टूल, आणि भिंतीवर पितळेची मूठ. मूठ डावीकडे नेली की वर, उजवीकडे नेली की खाली, मधोमध आणली की उभी. बटणांची लिफ्ट आणायचं मॅनेजरसाहेब दर वर्षी म्हणतात, पण पाहुण्यांना ही आवडते. त्यांचं काय जातं, ते दिवसातून दोनदा बसतात. मी आठ तास बसतो आणि आठही तास वरच्या दोराचा विचार करतो. पोहता न येणाऱ्याला नावाडी करावं तशी माझी नेमणूक आहे. लिफ्टमध्ये धोक्याची घंटा आहे, ती खाली दारवानाच्या टेबलाशी वाजते. पहिल्या महिन्यात लिफ्ट जरा कुरकुरली की मी ती घंटा वाजवायचो आणि बिचारा दारवान धापा टाकत जिन्याने वर यायचा. मग तो चौथ्या मजल्यापर्यंत यायला लागला, मग दुसऱ्या, आणि हल्ली घंटा वाजली की तो जागचा हलत नाही, वहीत तारीख टाकून पुढे ‘लिफ्टमन घाबरला’ एवढं लिहितो. वर्षभरात अशा दोनशे चौदा नोंदी झाल्या आहेत. (चौकशीसाठी त्याने त्या मोजल्या. मला वाटलं होतं जास्त असतील.)

तर गेल्या आठवड्यात आमच्या अकराव्या मजल्यावरच्या सभागृहात एकवीस देशांचे प्रतिनिधी जमले होते. पुढची स्पर्धा कुणाला द्यायची यावर चार दिवस वाद आणि पाचव्या दिवशी सकाळी अकराला मतदान. अकराच्या ठोक्याला सभागृहाचं दार बंद, जो आत नाही त्याला मत नाही, असा त्यांचा कडक नियम. देशांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. पत्रं फोडून वाचतात असं आमचा धुलाईवाला म्हणतो, आणि त्याला पाकिटांमधलं कळतं. आपण एकाला उन्हाळी देश म्हणू, दुसऱ्याला हिवाळी. तिसरा अर्ज तीन लहान शेजारी देशांनी मिळून केला होता. त्यांच्यात एकाकडे मैदानं आहेत, एकाकडे हॉटेलं आणि तिसऱ्याकडे विमानतळ, आणि तिघांचं आपसात फारसं पटतही नाही, तरी फुटबॉलसाठी एकत्र आले होते.

चार दिवस मी हा वाद तुकड्या-तुकड्यांनी ऐकत होतो. (लिफ्टमध्ये ते इंग्रजीत भांडायचे, आणि हॉटेलात राहून तेवढी मला कळते.) वर जाताना एकाची बाजू, खाली येताना दुसऱ्याची. उन्हाळी देशाचे प्रतिनिधी म्हणजे अंगाने पहाड. लिफ्टवर ‘सहा माणसे’ अशी पाटी आहे, त्यांना आत घेतल्यावर मी मनात तीन मोजायचो. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे आठ नवी कोरी स्टेडियमं आहेत, वर छप्पर, आत गारवा, खेळाडूला घाम येणार नाही. हिवाळी देशाचे प्रतिनिधी काटकुळे, काखेत कायम एक फाइल. त्यांचं म्हणणं, स्पर्धा संपल्यावर त्या आठ स्टेडियमांत तुम्ही काय गुरं बांधणार? आमच्याकडे पहा, शंभर वर्षं लोक पावसात उभे राहून सामने बघतात. त्यावर पहाड म्हणायचे, उभे राहतात कारण खुर्च्या त्यांनीच मोडलेल्या असतात. मला दोघांचंही पटायचं. एकाकडे खुर्च्या होत्या आणि माणसं नव्हती, दुसऱ्याकडे माणसं होती आणि ती खुर्च्या ठेवत नव्हती. पण मला कोण विचारतो, आणि कुणी विचारू नये हीच माझी रोजची प्रार्थना.

मतदानाच्या दिवशी दोघे नाश्त्याला समोरासमोरच्या टेबलांवर बसले आणि उठेनात. दुसरा आधी वर गेला तर मतं फिरवेल ही दोघांना धास्ती. शेवटी अकराला दहा मिनिटं असताना दोघे एकदमच उठले आणि एकदमच माझ्या जाळीत घुसले. पहाडांच्या हातात त्यांच्या मोठ्या स्टेडियमची प्रतिकृती होती, पांढरी, नाजूक, वाढदिवसाच्या केकएवढी. ती त्यांनी माझ्या स्टुलावर ठेवली. मी पाठ मुठीकडे करून भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि लिफ्ट सोडली. दुसऱ्या मजल्यापर्यंत गारवा, चौथ्यापर्यंत गुरं, पाचव्यावर खुर्च्या. आवाज इतके चढले की जाळी थरथरायला लागली. (जाळी की मी, हे आता सांगता येत नाही.) मग कुणीतरी त्या तीन शेजाऱ्यांचं नाव काढलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. काटकुळे म्हणाले, त्यांच्या मैदानावर चेंडू जरा जोरात मारला की परदेशात जाऊन पडेल. पहाड खो खो हसले. लहान देशांनी सामने घरी बसून टीव्हीवर बघावेत, यजमानपण हे मोठ्यांचं काम, यावर त्यांनी अक्षरशः हात मिळवले. सहाव्या मजल्यावर पहाडांचं लक्ष माझ्याकडे गेलं. तू कुठला रे, असं त्यांनी विचारलं. माझी बोबडी वळली, पण विचारलं म्हणून आपल्या गावाचं नाव सांगितलं. ते कुठे आलं, असं ते म्हणाले. काटकुळे म्हणाले, नकाशावर माशी बसली असेल तिच्या पायाखाली. आणि मग दोघे हसायला लागले, म्हणाले, उद्या हासुद्धा अर्ज करेल, आमच्या गावात भरवा म्हणून. आरशात आणखी दोघे हसत होते.

सातवा मजला गेला आणि आठवा यायच्या आत लिफ्ट उभी राहिली.

मामा, तुम्ही लिफ्टमध्ये कधी अडकला नाहीत, अडकूही नका. जाळीतून बाहेर फक्त भिंत दिसते, गिलावा न केलेली, आणि त्या विटांवर कुणा गवंड्याच्या हाताचा चुन्यातला पंजा उमटलेला आहे. तो मी रोज पाहतो, पण एरवी तो वरून खाली जातो. त्या दिवशी तो माझ्या नाकासमोर तसाच राहिला. मी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. सलग पाच मिनिटं वाजवली. खाली दारवानाने वहीत एक ओळ लिहिली आणि पान उलटलं. पहाड मला म्हणाले, काहीतरी कर. मी थरथरण्याखेरीज काही करू शकलो नाही, ते मी मन लावून केलं. मग ते पाय आपटायला लागले. प्रत्येक आपटण्यासरशी वरचा दोर कण्हायचा आणि मी डोळे मिटून तुमचं, मामींचं आणि आपल्या गोठ्यातल्या म्हशीचंसुद्धा नाव घेऊन टाकलं. काटकुळ्यांना घेरी आली. ते धरायला काही शोधत मागे सरकले आणि स्टुलावर बसले. स्टुलावर काय होतं ते तुम्हाला आठवतच असेल. एक बारीकसा कर्रर्र आवाज आला आणि साठ हजार प्रेक्षकांची बसायची सोय एका माणसाच्या बसण्याने संपली.

त्यानंतर जे झालं त्याला वाद म्हणता येणार नाही. एकाच्या हातात फाइल होती, दुसऱ्याच्या हातात छपराचा तुकडा, आरशामुळे चौघे भांडत होते आणि दोन मी घाबरत होतो. शेवटी दमून दोघांनी मलाच पंच केलं. तू परका, तूच सांग, स्पर्धा कुणाकडे व्हावी? मी म्हटलं, साहेब, दोघांकडेही व्हावी, सकाळी यांच्याकडे आणि दुपारी त्यांच्याकडे. ते ऐकून पहाडांनी छपराचा तुकडा खिशात घातला आणि काटकुळ्यांनी फाइल उघडून तोंडापुढे धरली. आमच्या डोक्यावर, तीन मजले वर, घड्याळाने अकरा वाजवले ते आम्ही तिघांनीही ऐकले. साडेअकराला वरून टाळ्या ऐकू आल्या आणि देवाची करणी अशी, की लगेच लिफ्ट हलली आणि आम्ही सुखरूप वर पोहोचलो.

मतं अशी पडली होती: उन्हाळी सहा, हिवाळी सहा, तीन शेजारी सात. हे दोघे वेळेवर पोहोचले असते तर सात-सात-सात झाली असती आणि मतदान पुन्हा झालं असतं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तर तिसरेच तिघे होते. दोघांनीही लिफ्टबद्दल तक्रार केली. लिफ्टचा मिस्त्री आला, दोर, चाकं, मूठ सगळं दोनदा तपासलं आणि म्हणाला, लिफ्ट ठणठणीत आहे, अशी ती दहा वर्षांत नव्हती. मग लिफ्टमध्ये बिघाड नाही म्हटल्यावर बिघाड कुणात शोधायचा? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिफ्टमनला कुणीतरी फितवलं असं सिद्ध झालं तर मतदान रद्द होऊन पुन्हा व्हावं, असं त्या दोघांनी लेखी मागितलं आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठी दोन आहेत आणि दोघांना दुभाषे आहेत.

त्यात भर म्हणून, त्या तीन शेजाऱ्यांचे म्हातारे प्रतिनिधी दिवाणखान्यात सगळ्यांदेखत माझ्याकडे चालत आले. मॅनेजरसाहेब चार पावलांवर उभे होते. म्हाताऱ्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, तुमची लिफ्ट आम्ही कधी विसरणार नाही. त्यांचा हेतू चांगला होता, पण फाशीची दोरी यापेक्षा प्रेमाने कुणी वळली नसेल. मॅनेजरसाहेबांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, तुला त्यांच्यापैकी कोण भेटलं होतं? मी कुणीही नाही म्हणालो, पण ते म्हणताना अडखळलो, कारण मी माझं नाव सांगतानाही अडखळतो. तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटतं आले. काल धुलाईवाला चादर मागायला आला, तर मी दोन्ही हात पुढे केले.

असो. फार लिहिलं. तुमच्या गुडघ्याला जपा, जिना चढू नका. लिफ्टने जा असं मात्र मी म्हणणार नाही. मामींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
(सही नीट आली नाही, पालथा पडून केली आहे. पण मीच आहे.)

ता. क. : मुख्य काम राहिलंच. शाळेच्या नावाचे जुने कागद आणि शिक्का तुमच्याकडे अजून असतील. त्यावर मला सोमवारच्या आत एक दाखला हवा आहे, की हा मुलगा लहानपणापासून अत्यंत भित्रा असून याच्या हातून असं काही होणं शक्य नाही. प्रसंगांसह लिहा. तपासणीला आलेल्या साहेबांनी नाव विचारल्यावर मी शेजारच्या मुलाचं नाव सांगितलं होतं, ते लिहा. तुम्ही मला फुटबॉलला गोलकीपर म्हणून उभं केलंत आणि चेंडू येताना पाहून मी जाळीच्या मागे जाऊन उभा राहिलो, तेही. दया दाखवू नका. तुम्ही माझ्याबद्दल घरी जे बोलायचात ते कागदावर उतरवलंत तरी माझी नोकरी वाचेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुमच्याकडून शिक्क्याचा कागद मागतो आहे, तर तुम्हाला अंधारात ठेवणं बरं नाही. लिफ्ट आपोआप थांबली नाही. ते आपल्या गावाला हसले तेव्हा पाठीमागे हात नेऊन मूठ मी मधोमध आणली. अकराला दार बंद होतं हे मला ठाऊक होतं. घंटाही वाजवली, कारण ती ऐकून कुणी येणार नाही याची मला खात्री होती. कुणी मला भेटलं नव्हतं, कुणी फितवलं नव्हतं. भीती गेली होती असं समजू नका. चाळीस मिनिटं मी लटपटत होतो, फक्त मूठ सोडली नाही. तेव्हा ‘भित्रा आहे’ यावर तुम्ही बिनदिक्कत सही करा, ते खोटं नाही. ‘याच्या हातून असं काही होणं शक्य नाही’ हे वाक्य लिहायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. सोमवारी दहा वाजता मी त्यांच्यापुढे कापत उभा राहीन, दाखला असो वा नसो. हे पान वाचून झालं की लगेच फाडून टाका. (आधी मामींना एकदा मोठ्याने वाचून दाखवा.)